येतोस का? मंडळीतल्या एखाद्या तरुणाला सोबत घ्यायचं ठरवलेल्या पुरुषांसाठी

बायबलमधल्या, तीताला लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय एकदा सावकाश वाचा. क्रेत बेटावर राहिलेल्या तीत या आपल्या सहकाऱ्याला प्रेषित पौल सांगतोय की मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, कोणाला काय शिकवायचं. वृद्ध पुरुषांसाठी पाच-सहा गोष्टी आहेत. वृद्ध स्त्रियांसाठी जवळजवळ तेवढ्याच, आणि तरुण स्त्रियांची यादी तर त्याहून लांब. तरुण पुरुषांची पाळी आली की मात्र एकच सूचना येते, मर्यादेने राहायला सांग. आणि पुढच्याच वचनात पौल तीताकडे वळतो, तू स्वतः सगळ्या बाबतींत कित्ता हो. तरुण पोरांना लांबलचक यादी देऊन उपयोग नसतो हे त्याला माहीत असावं. त्यांना समोर एक माणूस लागतो.

आपल्याकडे उलटं होतं. पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) कमिटीत म्हणतात, ‘तरुणांसाठी काहीतरी करा.’ मग पाचगणीला दोन दिवसांचं शिबिर ठरतं, टी-शर्ट छापले जातात, बाहेरून वक्ते येतात. शिबिराला माझा विरोध नाही, तिथे मुलांना मित्र मिळतात. पण सोमवारी सकाळी तो मुलगा पुन्हा एकटा असतो, आणि कर्जाचा हप्ता थकल्यावर, बॉसने सगळ्यांसमोर अपमान केल्यावर किंवा लग्न मोडल्यावर ख्रिस्ती पुरुष नेमका कसा वागतो हे त्याने कधी जवळून पाहिलेलं नसतं. ते त्याला दिसावं अशी सोय करणं एवढंच तुमचं काम आहे. त्यासाठी शिकवण्याची हातोटी फारशी लागत नाही. तुमचा वेळ मात्र लागतो, आणि तो तुमच्या साध्या, कामाच्या दिवसांतला लागतो.

हा लेख पस्तिशी ओलांडलेल्या, मंडळीत नियमित येणाऱ्या आणि हे काम पहिल्यांदाच करू पाहणाऱ्या पुरुषांसाठी आहे. मी प्रामुख्याने अहमदनगर (आताचं अहिल्यानगर), पुणे आणि मराठवाड्यातल्या प्रोटेस्टंट मंडळ्या डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. वसईच्या कॅथलिक वाचकांना काही शब्द वेगळे वाटतील, काम तेच आहे.

आधी घरात विचारा

सुरुवात मुलापासून करू नका. बायकोला विचारा, ‘एखादा पोरगा आपल्या घरी येत-जात राहिला, तर त्याला माझ्यात काय दिसेल?’ आणि ती जे सांगेल ते खोडून न काढता ऐकून घ्या. मंडळीची देखरेख करणाऱ्याने आधी आपलं घर नीट चालवावं, ही पौलाने तीमथ्य या आपल्या तरुण सोबत्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातली अट (अध्याय ३) इथेही लागू आहे. निर्दोष माणूस शोधायचा तर हे काम कोणीच करणार नाही. पण दारू सुटत नसेल, घरात हात उचलला जात असेल किंवा चारचौघांत उधारी अडकली असेल, तर आधी त्यासाठी मदत घ्या. मुलगा थांबेल.

आणखी एक गोष्ट तपासा, ती जरा नाजूक आहे. आपल्या बऱ्याच मंडळ्यांत जमिनी, ट्रस्ट आणि निवडणुका यांवरून गट पडलेत, काहींचे खटले वर्षानुवर्षं चालू आहेत. तुम्ही कोणत्या गटात आहात याच्याशी मुलाला फार देणंघेणं नसतं. पण दुसऱ्या गटातल्या माणसाबद्दल तुम्ही चहा पिताना काय बोलता, रविवारी तो समोर आला की ‘जय ख्रिस्त’ म्हणता की मान वळवता, हे तो टिपतो. तरुण मंडळीपासून का तुटतात असं विचारणाऱ्यांनी आपल्या वार्षिक सभेत पाठीमागच्या बाकावर बसून पाहावं.

कोणाला घ्यायचं

एकालाच. फार तर दोघांना. पाच जण घेतले की ती शिकवणी होते.

आपली नजर साहजिकच गिटार वाजवणाऱ्याकडे, सुंदर प्रार्थना करणाऱ्याकडे जाते. त्याच्याकडे सगळ्यांचंच लक्ष असतं, त्याला राहू द्या. उपासना संपल्यावर वडीलधारे आत चहाला थांबतात आणि पोरं फाटकाबाहेर मोटरसायकलींपाशी घोळका करून उभी असतात. तिथे पाहा. दृढीकरण (आपला विश्वास मंडळीसमोर कबूल करण्याचा विधी) झालं आणि नंतर फक्त नाताळ आणि ईस्टरला दिसू लागला, असा एखादा असेल. शेवगाव-जामखेडहून आयटीआयसाठी शहरात आलेला, खोलीवर चौघांत राहणारा असेल. कोणी न सांगता खुर्च्या उचलणारा, पण प्रार्थनेची पाळी आली की मान खाली घालणारा असेल. महिनाभर नुसतं पाहा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा.

मग चौकशी करा. पौलाने तीमथ्याला सोबत घेतलं तेव्हा लुस्त्र आणि इकुन्या इथल्या विश्वासी बांधवांनी त्याच्याबद्दल चांगलं सांगितलं होतं (प्रेषितांची कृत्ये १६). पाळकसाहेबांना सांगा. मुलाच्या घरीही जाऊन या. तीमथ्याचा बाप ग्रीक होता, आणि त्याच्या विश्वासाचं मूळ पौल आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात शोधतो. आपल्याकडेही बऱ्याच पोरांना प्रार्थना आजीने शिकवलेली असते. त्या माउलीला डावलून तिच्या नातवाचं आध्यात्मिक पालकत्व घ्यायला जाऊ नका. बाप असेल तर त्यालाही भेटा, त्याच्या जागी बसायचा तुमचा विचार नाही हे त्याला कळू द्या. मुलगा ख्रिस्ती घरातला नसेल तर ही भेट दुप्पट महत्त्वाची. घरच्यांपासून लपवून काहीही नको.

मुलगा अठराच्या आतला असेल तर नियम कडक ठेवा. आईवडिलांची स्पष्ट परवानगी घ्या. भेटी उघड्यावर किंवा घरचे असताना व्हाव्यात, बंद खोलीत दोघंच कधीही नकोत. रात्री उशिरा खासगी मेसेज नकोत. तुम्ही कुठे जाताय हे पाळकांना माहीत असावं. तुमच्यावर कोणाचा संशय आहे म्हणून हे करायचं नाही. मुलाच्या सुरक्षेचे नियम सगळ्यांना सारखे असावेत, अगदी ज्येष्ठ सेवकांनाही.

कसं विचारायचं

‘तुझ्या आत्मिक वाढीचं माझ्या मनावर ओझं आहे’ असं म्हटलंत तर पुढच्या रविवारी तो तुम्हाला पाहून दुसऱ्या दाराने निघून जाईल. पहिल्या दिवशी नातं जाहीर करू नका. काम सांगा.

‘शनिवारी सकाळी चर्चचे पंखे उतरवून साफ करायचेत. शिडी धरायला कोणीतरी पाहिजे. येतोस का?’

एवढंच. आला तर काम झाल्यावर चहा-वडापाव खायला न्या आणि त्याच्या नोकरीबद्दल, गावाबद्दल विचारा. पुढच्या वेळी दुसरं काम काढा. अशी तीन-चार कामं झाली, त्याला तुमच्यासोबत अवघडल्यासारखं होत नाही असं दिसलं, की मग सरळ बोला. ‘पुढचे सहा महिने एकाआड एक शनिवार आपण भेटत जाऊ. काही काम करू, थोडं वचन वाचू. जमेल का ते विचार करून सांग, नाही म्हणालास तरी मला वाईट वाटणार नाही.’ मुदत ठरवून सांगणं फार गरजेचं आहे. बिनमुदतीचं नातं तरुणाला जाळ्यासारखं वाटतं, आणि तुम्हालाही मधेच थांबायचं झालं तर अपराधी वाटत राहतं.

‘नाही’ आलं तर खरंच वाईट वाटून घेऊ नका. शिडी धरायला पुन्हा बोलवा.

काम काढा

हा या सगळ्याचा गाभा आहे, म्हणून इथे थोडा रेंगाळतो.

करिंथात पौल अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याच्या घरी राहिला तो तंबू शिवायच्या कामामुळे, तिघांचा धंदा एकच होता. इफिसच्या मंडळीतल्या वडीलजनांचा निरोप घेताना तो आपले हात पुढे करून सांगतो की माझ्या आणि माझ्या सोबत्यांच्या गरजा या हातांनी भागवल्या. त्याच्यासोबत फिरणाऱ्या तरुणांनी त्याची प्रवचनं ऐकली असतीलच. पण भाडं कसं द्यायचं, गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, थकल्यावर चिडायचं कसं नाही, हेही त्यांनी पाहिलं असणार.

मंडळीत कामाला तोटा नाही. दानाची मोजणी घ्या. दोन माणसांनी मिळून का मोजायचं, दोघांच्या सह्या का हव्यात, पावती त्याच दिवशी का फाडायची, हे त्याला शेजारी बसवून दाखवा. पैशातला प्रामाणिकपणा यावर दहा प्रवचनं ऐकूनही जे कळत नाही ते इथे अर्ध्या तासात कळतं. कापणीच्या सणाला भोपळा, कोंबडी, तांदळाच्या लिलावाचा हिशोब त्याच्याकडे द्या. एखाद्या विधवा बाईंचं वीजबिल, बँकेतलं हयातीचा दाखला देण्याचं काम, गॅसचं केवायसी, अशा कामांना सोबत न्या. रांगेत उभं राहताना तुम्ही कारकुनाशी कसं बोलता तेही त्याला दिसेल.

जाताना वाटेत भाषण देऊ नका. परत येताना एकच प्रश्न विचारा, ‘तुला काय वाटलं?’ आणि तो बोलेपर्यंत थांबा. गप्प राहिला तर तेही चालेल.

दोन कामं मी मुद्दाम वेगळी सांगतो, कारण आपल्याकडे तरुणांना त्यातलं अर्धंच काम दिलं जातं.

पहिलं, मयत. फोन येतो आणि पंधरा मिनिटांत सगळं सुरू होतं. पाळकांना कळवणं, कबरेची जागा, शवपेटी, गाडी, मुंबईहून निघालेल्या नातेवाइकांची वाट पाहणं, गीतांची पुस्तकं. तरुणांच्या हातात फावडं दिलं जातं आणि ते कबरस्थानातच थांबतात. तुम्ही सोबत घेतलेल्या मुलाला मयताच्या घरात न्या. चपला काढून आत जा, बसा, आणि बोलू नका. ‘देवाची इच्छा’ हे वाक्य त्या दिवशी घरातल्यांनी कितीदा ऐकलेलं असतं, त्यात तुमची भर नको. ‘कसं झालं हो?’ हेही त्यांना परत परत सांगायला लावू नका. पाण्याचा माठ भरलाय का पाहा. घरातल्या लहान मुलांना कोणी खायला दिलंय का ते विचारा. दाराशी आलेल्यांची नावं कोणी लिहून घेत नसेल तर वही त्याच्या हातात द्या. दफन झाल्यावर गर्दी ओसरते, भाकरी-पिठल्याचे डबे येणं थांबतं. त्यानंतर आठवड्याने त्याला घेऊन पुन्हा त्या घरी जा. ही दुसरी भेट बहुतेक लोक चुकवतात, आणि घरच्यांना तिचीच जास्त गरज असते.

दुसरं, दवाखाना. भेटीची वेळ पाळायची. कॉटपाशी गेल्यावर रोग्याला आधी विचारायचं, ‘प्रार्थना करू का?’ तो नको म्हणाला तर नुसतं बसायचं. प्रार्थना एक-दोन मिनिटांची, हलक्या आवाजात, कारण शेजारच्या कॉटवर दुसऱ्याचा माणूस झोपलेला असतो. त्या शेजाऱ्याला उपदेश करायचा नाही. त्याच्या नातेवाइकालाही चहा आणून द्यायचा. आणि फोटो काढून मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा नाही. सलाइन लावलेल्या माणसाचा फोटो टाकून ‘प्रार्थनेत आठवण करा’ असं लिहिणं ही आपल्याकडची एक वाईट खोड झाली आहे. तुम्ही ती मोडा, म्हणजे तो ती लावून घेणार नाही.

जेवायला बोलवा

१९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं. तिथे त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या मुलाला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्याच्यातला कवी ओळखला आणि पुढे काही काळ तो नगरला टिळकांच्या घरी राहिला. टिळक १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेले, घर ख्रिस्ती. बालकवी मात्र ख्रिस्ती झाले नाहीत, आणि म्हणून टिळकांची माया आटली असंही झालं नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. एका मोठ्या माणसाने एका लहान माणसाला आपल्या घरात, आपल्या ताटाशेजारी जागा दिली, एवढ्यानेच मराठी कवितेचं केवढं भलं झालं.

पण लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचलं असेल त्यांना दुसरी बाजूही माहीत असेल. टिळक कोणाकोणाला घरी घेऊन येणार आणि निस्तरणं लक्ष्मीबाईंच्या वाट्याला. तेव्हा पाहुणचाराचा उत्साह दाखवण्याआधी घरात विचारा, आणि भांडी तुम्ही घासा. मुलगा पाहतोय म्हणून नको, पण तो पाहतोय हे खरं आहे.

महिन्यातून एकदा पुरे. वेगळा स्वयंपाक नको, रोजचं पिठलं किंवा आमटी-भात असू द्या. मुलांचा अभ्यास, आईचं औषध, टीव्हीवरून भांडण, सगळं चालू असू द्या. बायकोशी खटका उडाला आणि चूक तुमची असेल तर त्याच्यासमोरच ‘चुकलं माझं’ म्हणा. ज्याने आपल्या बापाच्या तोंडून हे शब्द कधी ऐकलेले नाहीत, त्याला ते नवीन असतं.

वचन कसं वाचायचं

पहिल्यांदा तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र घ्या. चारच अध्याय आहेत. तुरुंगात असलेला वयस्कर माणूस तरुण सोबत्याला लिहितो आहे. त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा घेऊन ये, पुस्तकं आण, हिवाळ्याआधी ये, देमास मला सोडून गेला, लूक तेवढा माझ्याजवळ आहे. त्यातला एकटेपणा विशीतल्या मुलाला लगेच भिडतो. त्यानंतर फिलिप्पैकरांस पत्र, तेही चार अध्यायांचं. एका भेटीत एक अध्याय धरला तर आठ भेटींत दोन्ही होतात आणि सहा महिन्यांत खाडे धरूनही वेळ उरतो. उरलेल्या दिवसांत मार्ककृत शुभवर्तमान सुरू करा.

वाचायचं त्याने, मोठ्याने. मग दोन प्रश्न. यात तुला काय खटकलं? यातलं एक काय या आठवड्यात करता येईल? तुमची टीपणं काढून बसू नका. उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही, पाळकसाहेबांना विचारू’ म्हणा आणि खरंच विचारा. शेवटी प्रार्थना, रोजच्या आवाजात. व्यासपीठावरचा आवाज लावलात तर त्याला वाटेल की देवाशी असंच बोलावं लागतं, आणि तो पुन्हा मान खाली घालेल.

पैसा, मोबाईल, दारू, लग्न

हे विषय तुम्ही काढले नाहीत तर तो काढणार नाही. पण दुसऱ्याच भेटीत काढलेत तर चौकशी वाटेल. दोन-तीन महिन्यांनी, काम करता करता, शेजारी शेजारी बसून निघालं तर उत्तम. समोरासमोर बसवून विचारू नका.

पैशाचं एक पक्कं ठरवा, त्याला उसने द्यायचे नाहीत. उसने दिले की तो तुम्हाला टाळू लागतो. खरी अडचण असेल आणि झेपत असेल तर परत न मागण्यासाठी द्या, नाहीतर मंडळीच्या मदत निधीतून मार्ग काढा. ऑनलाइन जुगार, पटकन कर्ज देणारी अ‍ॅप, हप्त्यावरचा फोन यांची चौकशी मात्र जरूर करा. तुमचा स्वतःचा महिन्याचा हिशोब वहीत लिहून दाखवा, दशांश (कमाईचा दहावा भाग) किंवा दान किती आणि कसं काढता तेही.

मोबाईलवर काय पाहतोस हा प्रश्न त्याला एकट्याला विचारलात तर तो खोटं बोलेल. ‘मी रात्री फोन बाहेरच्या खोलीत ठेवतो, कारण मला माझ्यावर भरवसा नाही’ असं काही सांगण्यासारखं तुमच्याकडे असेल, तर आधी ते सांगा. तपशील नकोत. तुमच्या मोहांचं साग्रसंगीत वर्णन त्याच्यावर नवं ओझं टाकतं.

लग्न जुळवायच्या भानगडीत पडू नका. तुमच्या भाचीचं तर मुळीच नको.

नगर, जालना, मराठवाड्यातल्या पोरांकडून एक विषय हमखास येतो, जातीच्या दाखल्याचा. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात ख्रिस्ती माणसाला जागा नाही, म्हणजे त्या जातीचा दाखला आणि आरक्षण त्याला मिळत नाही. शीख आणि बौद्धांना नंतर मिळाली, ख्रिस्तींना नाही. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर एक ओळख आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत दुसरी, असं घेऊन अनेक मुलं जगतात आणि मनातून कुरतडली जातात. यावर सत्यवचनी राहा असा फटकन उपदेश करणारे काका मी पाहिलेत, आणि सगळेच करतात म्हणून मोडीत काढणारेही. तुमच्याकडे सरकारी नोकरी आणि निवृत्तिवेतन असेल तर या विषयावर तुमचा आवाज आपोआप खाली यायला हवा. आधी ऐका. कायद्याचं कळणाऱ्या माणसाकडे न्या. निर्णय त्याचा आणि त्याच्या घरच्यांचा आहे, आणि तो काहीही असला तरी तुमच्या घरचं ताट तसंच राहील हे त्याला कळू द्या.

तुमच्या हाताबाहेरचं

‘तू सांगशील ते कोणाला कळणार नाही’ असं बिनशर्त वचन कधी देऊ नका. सुरुवातीलाच सांगा की जिवाला धोका असेल किंवा एखाद्या लहान मुलाला इजा होत असेल तर मी गप्प बसणार नाही. जीव द्यायच्या गोष्टी बोलू लागला तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा, डॉक्टरकडे न्या. सरकारची टेली-मानस ही मोफत फोन सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. प्रार्थना करा आणि फोनही लावा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं समजलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८. आरोप मंडळीतल्याच कोणा मोठ्या माणसावर असला तर आतल्या आत मिटवू असं सांगणारे चार जण भेटतील. त्यांचं ऐकू नका.

तो चुकला तर

चुकेलच. मार्क हा तरुण पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांना अर्ध्या वाटेत, पर्गा इथे सोडून यरुशलेमेला परत गेला. पुढच्या फेरीत त्याला न्यायला पौल तयार नव्हता, त्यावरून दोघांत इतकं पेटलं की ते वेगळे झाले. बर्णबा मार्कला घेऊन कुप्रला गेला. मार्क त्याचा नातलग होता, हेही विसरू नये. पुढे तुरुंगातून पौल तीमथ्याला लिहितो, मार्कला सोबत घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. मधल्या वर्षांत बर्णबाने काय केलं ते कुठे लिहिलेलं नाही. पण कोणीतरी त्या मुलाला पुन्हा कामाला लावलं असणार.

तुमचा मुलगा तीन शनिवार आला नाही तर एक फोन करा, एकदा घरी जा, आणि मग थांबा. पाठलाग नको. परत आला तर ‘कुठे होतास?’ ऐवजी पुढचं काम सांगा.

कान उघाडणी करायचीच असेल तर एकांतात. अपुल्लो या उपदेशकाचं ज्ञान अपुरं होतं तेव्हा अक्विला आणि प्रिस्किल्ला यांनी त्याला भर सभास्थानात अडवलं नाही. आपल्याकडे बोलावून नीट समजावलं. आणि त्याचं पाप ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून घरसभेत मांडू नका. नाव न घेता मांडलं तरी सगळ्यांना कळतं, आणि त्यालाही कळतं.

मुदत संपली की

सहा महिने झाले की बसून सांगा, आपलं ठरलेलं संपलं. पुन्हा सहा महिने चालू ठेवायचे का हे त्याला ठरवू द्या. मात्र त्याआधी एक काम पूर्णपणे त्याच्या हाती सोपवा, माइकची पेटी आणि तिची किल्ली, दवाखान्याच्या भेटींची यादी किंवा शास्त्रवाचनाची पाळी, आणि त्या कामातून तुम्ही बाजूला व्हा. तो तुमच्यापेक्षा वाईट करेल, काही महिने. तोंड मिटून सोसा. तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात (२:२) पौल जी साखळी सांगतो, माझ्याकडून तुझ्याकडे, तुझ्याकडून विश्वासू माणसांकडे, त्यांच्याकडून इतरांकडे, तिच्यातला तुमचा भाग तिथपर्यंतच आहे.

बहुतेक वेळा नातं वेगळ्याच कारणाने तुटतं, त्याला चाकणला, रांजणगावला किंवा दुबईला नोकरी लागते. तो निघण्याआधी तिथल्या मंडळीतल्या एका माणसाला फोन करा. नुसता नंबर देऊ नका, दोघांचं बोलणं करून द्या. पाळकांकडून सभासदत्वाचं पत्र घेऊन त्याच्या हातात ठेवा. आणि त्या माणसाला सांगा की पहिल्याच आठवड्यात याला काहीतरी काम द्या. जेवायला नंतर बोलावलंत तरी चालेल.